कुटुंबासह गट सोडतोय, पण मनातून तो सुटत नाही. कोणी यातून गेलंय का?

पाऊलखुणा

नमस्कार. इथे बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. गटाचं नाव, धर्म, ठिकाण काही सांगत नाही. त्यांच्यातलं कोणी वाचत असेल तर मुलांना त्रास व्हायला नको.

माझा जन्मच या गटातला. नवरा कॉलेजात असताना आला. आमची ओळख, लग्न, मैत्रिणी, सगळं तिथलंच. कोणाशी बोलायचं, काय वाचायचं, मुलांनी कोणाकडे खेळायला जायचं, पगारातलं किती द्यायचं, हे विचारल्याशिवाय ठरत नसे. शंका आली तर ती वरिष्ठांकडे जाऊन सांगायची. सांगितली की पुढच्या सभेत त्यावर बोललं जायचं, नाव न घेता, पण कोणाबद्दल चाललंय ते सगळ्यांना कळेल असं. हळूहळू शंका येऊ न देण्याची सवयच लागते.

आम्ही बाहेर पडलो ते मुलीमुळे. ती तेरा वर्षांची आहे. आईबाबा घरी गटाबद्दल काय बोलतात ते येऊन सांगत जा, असं तिला एका वरिष्ठ बाईंनी सांगितलं होतं. ती काही आठवडे सांगतही होती. एका रात्री रडत येऊन तिने मला हे सांगितलं. त्या रात्री नवऱ्याने आणि मी ठरवलं की आता बास.

सभेला जाणं बंद केलं, फोनवरच्या गटांतून बाहेर पडलो. नवरा सुटल्यासारखा झालाय. रोज रात्री जेवताना गटातले घोटाळे, खोटेपणा, हेच बोलतो. माझं तसं होत नाही. मी रात्री दचकून जागी होते. मधे धाकट्याला ताप आला (तो सात वर्षांचा आहे) आणि औषध देताना माझ्या मनात एकच होतं, की ही शिक्षा आहे. डोक्याला कळतं की हे खरं नाही, तरी छाती धडधडते.

आई आणि धाकटी बहीण आतच आहेत. बहिणीने निरोप पाठवला, 'परत येशील तेव्हा बोलू.' आई फोन उचलत नाही. ती जिवंत आहे, तिच्या घरी बसलेली आहे, आणि मी ती गेल्यासारखी रडते. कोणाजवळ बोलावं तर बाहेरची माणसं म्हणतात, सुटलात ना, मग आनंदात राहा.

मुलगी म्हणते, तुम्हीच मला तिथे नेलंत आणि तुम्हीच काढलंत, माझ्या मैत्रिणींचं काय? धाकटा विचारतो, आजी चांगल्या ठिकाणी जाणार आणि आपण नाही का?

आणि जे नवऱ्यालाही सांगितलं नाही ते इथे लिहिते. मला सभेतलं गाणं आठवतं. सगळ्यांनी मिळून गायचो ते. देव आहे की नाही हे मला कळत नाही, आणि नवरा म्हणतो ते सगळं थोतांड होतं. मला तेवढं ठामपणे म्हणता येत नाही.

ही भीती जाते का? आणि मुलांशी काय बोलायचं?

किनारा

ताई, लिहिलंत हे बरं केलंत. मी, बायको आणि दोन मुलगे असे आम्ही चौघं एका अशाच गटातून बाहेर आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. माझा मोठा भाऊ अजून आत आहे.

आधी भीतीबद्दल. ती जाते. पण विश्वास गेला की लगेच जात नाही, मागाहून जाते, आणि मधल्या काळात माणूस फार गोंधळतो. मला गटाची एकही शिकवण खरी वाटेनाशी झाली होती, तरी रस्त्यावर समोरून ट्रक जोरात आला की 'आता हिशेब होणार' असं वाटून हात गार पडायचे. मग मनात यायचं, एवढी भीती वाटते म्हणजे आत कुठेतरी मला ते पटलेलं असणार. तसं नव्हतं. 'सोडलं की वाईट होतं' हे लहानपणापासून इतक्यांदा कानावर पडलेलं असतं की शरीर विचारायला थांबत नाही. तुमची धडधड एवढंच सांगते की तुम्हाला बराच काळ घाबरवलं गेलं. तुम्ही चुकलात असं ती सांगत नाही.

मुलाच्या तापाबद्दल एक विचारतो. गटात असताना मुलांना ताप यायचा ना? तेव्हा त्याला परीक्षा म्हणत असतील. आज तोच ताप आला तर शिक्षा. आत असलेल्याचं दुखणं ही परीक्षा आणि बाहेरच्याचं दुखणं ही शिक्षा, असं असेल तर त्या तापावरून काहीच सिद्ध होत नाही. ताप हा ताप होता, तुम्ही औषध दिलंत, हेच त्यातलं खरं.

रात्री ती भीती दाबून टाकायच्या मागे लागू नका. डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1987 साली एक साधा प्रयोग केला होता. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. अस्वल येतच राहिलं, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर आधी दाबणाऱ्यांच्या मनात ते जास्तच आलं. मी जागा झालो की दिवा लावून उठून बसायचो आणि मोठ्याने म्हणायचो, आज कुठली तारीख, मी कुठल्या खोलीत आहे, शेजारच्या खोलीत कोण झोपलंय. मग एका वहीत भीती जे म्हणते ते जसंच्या तसं लिहायचो, तारीख घालून. 'या महिन्यात धाकट्याला अपघात होईल.' 'नोकरी जाईल.' काही महिन्यांनी ती पानं बायकोबरोबर बसून वाचली. मला कोणाच्याही युक्तिवादाने जेवढा धीर दिला नव्हता तेवढा त्या वहीने दिला. हां, त्या काळात काही वाईट घडलंच नाही असं नाही, आयुष्यात घडतंच. पण वहीत लिहिलं होतं ते आणि घडलं ते यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

किती काळ लागतो असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. मार्गारेट सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा गटांतून आलेल्या बऱ्याच माणसांबरोबर काम केलं आणि 1979 साली त्याबद्दल लिहिलं. उदासी, एकटेपणा, साधे निर्णय घेता न येणं, बोलता बोलता मधेच तंद्री लागून गटातल्या मनःस्थितीत जाणं, हे त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं. घडी पुन्हा बसायला साधारण 6 ते 18 महिने लागतात असा त्यांचा अंदाज होता. पण त्यांच्याकडे आलेले बहुतेक जण तरुणपणी गटात गेलेले होते. त्यांना परत जायला एक जुनं आयुष्य होतं. तुम्ही जन्मापासून आत होतात, तुम्हाला ते नव्याने उभं करायचंय. तेव्हा हा आकडा स्वतःला मुदत म्हणून लावू नका.

आता आईबद्दल. जिवंत माणसासाठी असं रडू येतं याचा अभ्यास झालेला आहे. पॉलिन बॉस या अमेरिकी कुटुंब-समुपदेशक बाईंनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांबरोबर काम केलं होतं. नवरा मेला म्हणावं तर मृतदेह नाही, आहे म्हणावं तर घरी नाही. पुढे त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या घरच्यांकडेही पाहिलं, तिथे माणूस समोर बसलेलं असतं पण ओळखत नाही. अशा दुःखाला शेवट नसतो, दहावा-तेरावा नसतो, भेटायला कोणी येत नाही, म्हणून माणूस त्यात अडकून पडतो असं त्या सांगतात. 'आई मला सोडून गेली' आणि 'आई आहे', ही दोन्ही वाक्यं एका वेळी खरी असू द्यायची. त्यातलं एक निवडायला गेलो की जास्त त्रास होतो, निदान मला झाला. भावाच्या बाबतीत मी 'तो मेला असं समजू' म्हणून पाहिलं आणि 'तो उद्या येईल' असंही धरून पाहिलं. दोन्ही टिकलं नाही.

टिकलं ते एवढंच, की त्याच्या वाढदिवसाला आणि मुलांच्या परीक्षांचे निकाल लागले की मी त्याला दोन ओळी पाठवतो. त्यात वाद नाही, विनवणी नाही, गटाचा उल्लेख नाही. उत्तर आलं नाही तरी मला पुरेल असाच मजकूर लिहितो. आणि हेही लक्षात ठेवा की आई फोन उचलत नाही तेव्हा त्या फोनशेजारी ती कदाचित रडत असेल. कोणाशी बोलायचं हेही तुम्हाला विचारावं लागायचं, तिलाही बोलण्याची परवानगी लागत असेल. यामुळे राग कमी व्हायला हवा असं नाही. राग येऊ द्या, तो रास्त आहे.

सगळ्यात महत्त्वाचं मला नवऱ्याबद्दल आणि तुमच्याबद्दल सांगायचंय. गट सोडलेल्या घरात नकळत एक नवा गट उभा राहू शकतो. आधी सगळ्यांनी एकच मानायचं होतं, आता सगळ्यांनी एकच नाकारायचं. आधी शंका सांगायची चोरी होती, आता गाणं आठवतं हे सांगायची चोरी. तुम्ही ती गोष्ट नवऱ्याला न सांगता इथे लिहिलीत, ते वाचून मला वाईट वाटलं, कारण आमच्या घरीही तसंच होत होतं. बायको पहाटे उठून डोळे मिटून बसायची आणि माझी चाहूल लागली की उठायची. ती मला घाबरत होती हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आम्ही बसून एक ठरवलं: या घरात कोणी काय मानतं याची चौकशी कोणी करणार नाही. प्रार्थना करायची असेल त्याने करावी, नसेल त्याने करू नये. तिची आजही श्रद्धा आहे, माझी नाही, आणि आमचा संसार चांगला चाललाय.

हेलन रोझ इबॉ या स्वतः आधी नन होत्या, पुढे समाजशास्त्रज्ञ झाल्या. मोठी भूमिका सोडून आलेल्या 185 जणांच्या मुलाखती घेऊन त्यांनी 1988 साली मांडलं की बाहेर पडणं टप्प्याटप्प्याने होतं आणि जुन्या भूमिकेचं काहीतरी माणसाबरोबर राहतंच. तुमचा नवरा आणि तुम्ही एकाच दाराने एकाच दिवशी बाहेर आलात, पण तो गटात येण्याआधीचं काहीतरी आठवू शकतो, तुम्ही नाही. त्याचा वेग तुमचा असणार नाही. त्याला हे सांगा. देवाबद्दल या वर्षी काही ठरवलं नाही तरी चालेल.

पहाटवारा

मी या गोष्टीत मुलीच्या जागेवर होते, म्हणून लिहिते. मी बारा वर्षांची असताना आईबाबा बाहेर पडले.

ताई, तुमची मुलगी तुमच्यावर चिडते हे चांगलं लक्षण आहे. गटात तिला चिडता आलं असतं का? तुम्ही तिला नाकारणार नाही याची खात्री वाटते म्हणून ती बोलते. 'तुम्हीच नेलंत, तुम्हीच काढलंत' यावर खुलासा देऊ नका. 'हो, हे दोन्ही आम्ही केलं आणि तुझ्या मैत्रिणी त्यात गेल्या' एवढं म्हणा आणि तिला रडू द्या. माझी आई असं म्हणाली होती. मी बराच वेळ रडले, मग झोपले. दुसऱ्या दिवशी तिच्याशी नीट बोलले.

तिने घरातलं बाहेर सांगितलं, याचं ओझं तिच्या मनावर असणार. तुम्हाला वाटेल की ते आता मागे पडलं. माझ्या मनावर तसलंच एक ओझं खूप वर्षं होतं आणि कोणी त्याचा विषय काढला नाही म्हणून मी धरून चालले की ते माफ झालेलं नाही. तिला स्पष्ट शब्दांत सांगा, की मोठ्या बाईने मुलीला असं काम सांगणं चूक होतं, तू मूल होतीस, आणि तू येऊन सांगितलंस त्याला धाडस लागलं. एकदा नाही, अधूनमधून सांगा.

जेवताना गटाचा विषय बंद करा. हे मी हात जोडून सांगते. आमच्याकडे बाबा रोज तेच बोलायचे. ज्या लोकांना ते खोटारडे म्हणत होते ते माझे काका-मावशी होते, त्यांनी मला सायकल शिकवली होती. मला जेवण जायचं नाही. त्या माणसांनी फसवलं असेल आणि मला त्यांनी जीवही लावला असेल, हे दोन्ही बोलायला घरात जागा हवी होती.

धाकट्याच्या प्रश्नाला मी आता माझ्या भाचरांना जे सांगते ते सांगते: 'मेल्यानंतर काय होतं हे कोणालाच पाहून येता आलेलं नाही. आजीला वाटतं तसं आजी सांगते. मला वाटतं की जो देव चांगला आहे तो सात वर्षांच्या मुलाला घाबरवणार नाही.' शेवटचं वाक्य तुम्हाला पटत असेल तरच म्हणा. मुलांना खोटं लगेच कळतं. 'मला माहीत नाही' हेही उत्तर आहे, आणि आईच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा मला तर केवढं मोकळं वाटलं होतं! तोवर मोठ्या माणसांना सगळं माहीत असायचं.

मुलीच्या वर्गशिक्षिकेला थोडक्यात कल्पना देऊन ठेवा. आणि कृपा करून मुलीजवळ तुमचं मन मोकळं करू नका. ती ऐकेल, समजूतदारपणे ऐकेल, पण ते तिचं काम नाही.

काजवा

वरच्या दोघांशी बहुतांशी सहमत. संपर्काबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे.

ज्या गटाने तेरा वर्षांच्या मुलीकडून घरातली माहिती काढली, तो गट आई आणि बहिणीकडूनही काढेल. निरोप पाठवा, पण मुलांची शाळा, वेळा, नवी नोकरी, नवा पत्ता त्यात येऊ देऊ नका. किनारा यांनी निकालाचे निरोप लिहिले आहेत, तुमच्या बाबतीत मी निदान सुरुवातीला मुलांबद्दल काहीच लिहिणार नाही. मुलांना आजीकडे एकटं पाठवण्याआधी बराच काळ जाऊ द्या. गटाकडे तुमची मूळ कागदपत्रं असतील, खात्यावर दुसऱ्या कोणाचं नाव असेल, फोनचा पासवर्ड कोणाला माहीत असेल, तर हे या आठवड्यात निस्तरा. भीतीचा थोडा भाग अशाने आपोआप कमी होतो, कारण तो भाग कल्पनेतला नसतो.

सोडण्याची कारणं कोणालाही देणं लागत नाही. मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्यातलं 18 वं कलम धर्म किंवा श्रद्धा बदलण्याचं स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत देतं. वरिष्ठ घरी आले तर नवरा-बायकोने एकच वाक्य ठरवून ठेवा, 'आमचा निर्णय झालाय, त्यावर बोलणार नाही,' आणि तेच म्हणत राहा. दारातच.

समुपदेशकाकडे जरूर जा. पहिल्या भेटीत सरळ विचारा, माणसावर ताबा ठेवणाऱ्या गटांबद्दल तुम्हाला काय माहिती आहे. जो तुम्हाला लगेच नास्तिक करायला निघेल किंवा लगेच दुसऱ्या श्रद्धेत न्यायला निघेल तो तुमच्या कामाचा नाही. आणि जगणं नको असं मनात येऊ लागलं तर थांबू नका, त्याच दिवशी नवऱ्याला सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

पाऊलखुणा

तुम्हा तिघांना काय म्हणू. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा नवऱ्याला वाचून दाखवलं, गाण्याच्या ओळीसकट. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मलाही त्यातलं एक आठवतं, म्हणून तर मी एवढा बोलतो. जेवताना विषय काढायचा नाही असं ठरलंय.

मुलीशी आज बोलले, पहाटवारा, जवळजवळ तुमच्याच शब्दांत. तिने विचारलं, 'मग आता मी घरात काही बोलले तर तुम्ही कोणाला सांगणार का?' हे मला सुचलंच नसतं. मी म्हटलं, नाही.

कागदपत्रं आहेत त्यांच्याकडे, मुलांचे जन्मदाखले. काजवा, मागायला कोणी जावं? आम्ही गेलो तर बसवून घेतील.

काजवा

मागायला जाऊच नका. जन्माची नोंद ज्या कार्यालयात झाली तिथे अर्ज केला की दाखल्याची नवी प्रत मिळते. बाकीच्या कागदांची यादी करा आणि ज्यांची दुसरी प्रत निघते ती आधी काढून घ्या. जे उरेल त्यासाठी लेखी पत्र पाठवा, पोच ठेवा. तरीही जावं लागलंच तर गटाबाहेरचा कोणीतरी बरोबर न्या आणि आत बसू नका.

किनारा

आणि ताई, गाणं घरी म्हणायचं असेल तर म्हणा. माझी बायको म्हणते. शब्द पटत नाहीत तिथे ती नुसतं गुणगुणते.